रीडिंग

तीस वर्षं मी लोकांच्या जिन्यांखाली वाकून
आकडे वाचले.
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
माणूस खोटं बोलतो, चाक बोलत नाही,
एवढंच शिकलो वीज खात्यात.

म्हणून रविवारी, बेशाच्या पुढं,
सायकल तुरीच्या धुऱ्याला टेकवून मी मोजतो:
पाच स्लॅब.
माझा फ्लॅट सातशे चार.
म्हणजे त्या गंजलेल्या सळयांच्या बऱ्याच वर, डावीकडं,
जिथं आत्ता एक घार फिरते आहे
तिथं आमचं स्वयंपाकघर.

ओट्याची बाजू शकुननं नकाशावर बोट ठेवून ठरवली होती.
"उजेड पायजे, बाकी काही नको."
उजेड आहे.
अडवायला भिंतच नाही.

ताबा : डिसेंबर दोन हजार अठरा.
करारनामा, पान अकरा, शाई अजून ओली वाटावी इतकी काळी.
मग वाळू नव्हती.
मग मजूर नव्हते.
मग महामारी होती, ती खरीच होती,
मग मंजुरी नव्हती,
मग पुन्हा वाळू नव्हती.
नंदनवनातल्या भाड्याच्या खोलीत
कूलरची वाळ्याची ताटी सहादा बदलली.
जे घर नाही त्याचा हप्ता पाच तारखेला,
जे आपलं नाही त्याचं भाडं सातला,
पेन्शन एकच.

धरमपेठेतल्या त्यांच्या थंडगार ऑफिसात
पोरगा नम्र होता. पाण्याची सीलबंद बाटली दिली.
"काका, फक्त इथं सही. नवीन तारखेला हरकत नाही, एवढंच."
मी चष्मा शोधत होतो
तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून नीलोफर काझी,
फ्लॅट सहाशे दोन,
म्हणजे माझ्या खालची हवा,
म्हणाल्या, "पेन खाली ठेवा, हेडाऊजी."

रेराचा कायदा त्यांनी शाळेच्या वहीत उतरवला होता,
मुलींना शुद्धलेखन घालावं तशा अक्षरात.
कलम अठरा.
निघायचं असेल तर भरलेलं सगळं परत, व्याजासकट.
राहायचं असेल तर
ताबा मिळेपर्यंत, उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज.
"अन् ठरवायचं आपण. त्यानं नाही."

उशिराच्या प्रत्येक महिन्याचं.
मी ते तीनदा वाचलं.
इतकी वर्षं चाक माझ्याच भिंतीवर फिरत होतं,
पहिल्यांदाच कुणी सांगितलं
की जोडणी दुसऱ्याच्या नावानं निघते.

घरी दोन दिवस वाद.
मी म्हणालो, पैसे घेऊन मोकळं होऊ.
शकुन भाकरी उलटत म्हणाली,
"त्या पैशात आता काय येते बाप्पा, कामठीत न्हाणीघर?
ओटा ठरला आहे नं. राहू."

सुनावणी मोबाईलवर झाली.
मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवला होता.
त्यांचा वकील वाळूबद्दल बोलला.
समोरून प्रश्न आला,
वाळू नव्हती तर हप्ते कशाचे मागितले?
वकिलाचा आवाज गेला.
नेटवर्क असेल.

आदेश आमच्या बाजूनं लागला.
पेढे आणले, थोडेच.
कारण आदेश वेगळा आणि वसुली वेगळी,
हे आता कळतं:
वॉरंट कलेक्टर कचेरीत, तिथून तहसिलीत,
तिथं एक कपाट, एक बाबू,
आणि बाबूचा मंगळवार, जो पुढचाच असतो.
नीलोफरबाई जातात, मी जातो, चारशे एकचे उईके जातात.
आम्ही अजून एकमेकांचे शेजारी झालेलो नाही,
पण कुणाला साखर वर्ज्य आहे ते ठाऊक आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला
कॅलेंडरच्या मागं मी पेन्सिलनं लिहितो.
मागचं, चालू, फरक.
शकुन आतून विचारते, "किती झाले?"
मी आकडा सांगतो.
"मिळाले?"
"मिळाले नाही. झाले."